बिल्ल्याखालचा रंग

३ फेब्रुवारी १९८३, गुरुवार
मीटर ६१२०४

आज जीप घरी आली. म्हणजे मीच आणली. एकोणीस वर्षं मीच चालवली, पण रोज संध्याकाळी ऑफिसच्या आवारात लावून सायकलने घरी यायचो. आज प्रथमच ती आमच्या कॉलनीत, आमच्या दारासमोर उभी आहे. खात्याने तिला निकामी ठरवून लिलावात काढलं. बोली लावणारे तिघे भंगारवाले आणि चौथा मी. भंगारवाले पत्र्याच्या वजनाचा अंदाज घेत होते. नवे साहेब हसले. म्हणाले, "पगारे, रिटायर होऊन महिना झाला, अजून गाडी सुटत नाही का?" मी म्हणालो, "साहेब, तीही माझ्याबरोबरच रिटायर झाली. एकटी कुठे जाईल?"

ही वही म्हणजे खात्याचं कोरं लॉगबुक आहे. कुणाला शंका नको म्हणून लिहून ठेवतो: भांडारपाल वाल्मीक यांनी रद्दी काढली, ती रद्दीवाल्याकडून मी विकत घेतली. कोठून, कोठे, उद्देश, मीटर, प्रवास करणाऱ्याची सही. हे रकाने समोर नसले की मला काही लिहिताच येत नाही. नवसाबाई म्हणते, "आता काय लिवणार? दळण आणलं, मीटर इतकं?" तिला थट्टा सुचते.

मी तिला म्हणालो, "चल, बस. द्वारका चौकापर्यंत फेरी मारून आणतो." तिने हात पुसले, गाडीभोवती सावकाश एक चक्कर मारली आणि डाव्या दाराशी थांबली. "बिल्ला हाय की अजून," म्हणाली आणि आत गेली.

आहे खरा. दोन्ही दारांवर ताटलीएवढा पितळी बिल्ला, खात्याचं चिन्ह कोरलेला. गाडी हातात आली त्या दिवशी मी घरात बजावलं होतं, "हा बिल्ला दारावर आहे तोवर या गाडीत तुझा पाय पडायचा नाही." ते १९६४ साल होतं. बायकांच्या नको ते बरं लक्षात राहतं.

लिलावाच्या पत्रातही अट आहे की महिन्याभरात खरेदीदाराने दोन्ही बिल्ले स्वतः काढून, न वाकवता, भांडारात जमा करावेत. बिल्ले वाकता कामा नयेत ही खात्याची अट. रंगाला ओरखडा पडता कामा नये ही माझी. एकोणीस वर्षं रोज सकाळी ओल्या फलालीनने पुसलेला रंग आहे तो. राखाडी असला तरी आमचा आहे. बिल्ले निघाले की नवसाला पुढच्या सीटवर बसवून तिच्या माहेरी येवल्याला न्यायची. ठरलं.

६ फेब्रुवारी, रविवार
मीटर ६१२०४. गाडी उभी.

शेजारचे बुधा निकम गाडी बघायला आले. म्हणाले, "भाऊ, एवढ्या वर्षांत वहिनी एकदाही बसल्या नाहीत?"

मी म्हणालो, "एकदाही नाही." आणि मला अभिमान वाटला, तो का लपवू? आमच्या लताच्या वेळी नवसाला कळा सुरू झाल्या तेव्हा जीपची किल्ली माझ्या खिशात होती. तरी मी टांगा शोधून आणला. दुसऱ्या ड्रायव्हर लोकांनी बायकांना बाजारात नेलं, मेव्हण्यांची लग्नं उरकली. आपण नाही.

एकाहत्तर सालची गोष्ट बुधाला मुद्दाम सांगितली. सकाळीच येवल्याहून तार आली की सासरे, म्हणजे आबा, अत्यवस्थ आहेत. साहेब येवल्यालाच मुक्कामाला होते आणि त्यांना आणायला मला निघायचं होतं. नवसा पिशवी घेऊन फाटकापर्यंत आली. मी तिला समजावलं, एसटी स्टँडवर सोडलं, तेही सायकलवर डबल सीट, आणि मग जीप काढली. मी साडेदहाला येवल्यात. साहेबांनी तासभर मोकळं केलं, तेव्हा आबांच्या घरी गेलो. माझ्याच हातून ते पाणी प्याले. मी वेळेवर पोचलो म्हणून लेकीकडचं कुणीतरी जवळ होतं. नवसाला निफाडला गाडी बदलावी लागली, ती तीनला पोचली. तोवर माती झाली होती. उन्हाळ्याचे दिवस, भावकी थांबेना. पुढे साहेबांनी सगळ्या स्टाफसमोर सांगितलं, "पगारे म्हणजे चोख माणूस."

नवसा चहा ठेवून गेली. साखर घालायची विसरली होती. तिचंही वय झालं.

८ फेब्रुवारी, मंगळवार
मीटर ६१२१३. भद्रकाली, जाऊन येऊन.

माझी अक्कल आधी चालवून बघितली. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला चिंधी गुंडाळून बिल्ल्याच्या कडेखाली घातला. चिंधी सरकली. बघितलं तर ओरखडा बिल्ल्याच्या कडेला, रंग वाचला. हत्यार पेटीत टाकून दिलं आणि भद्रकालीत बद्रुद्दीन पेंटरकडे गेलो. हे बिल्ले चौसष्ट साली त्यानेच चिकटवले होते. तेव्हा दाढी काळी होती, आता सगळी पांढरी.

"लोखंड लावलं का?" त्याने पहिल्यांदा हेच विचारलं. मी मान खाली घातली.

"पगारेभाऊ, तुम्ही पण ना! रंगाला लोखंड दाखवायचंच नाय. ते सोल्यूशन माझंच हाय, गरमीनं ढिलं पडतं. गरम पाण्याची पिशवी धा मिन्टं धरा. कडेनं गोडं तेल सोडा. मग मासे पकडायचा तंगूस घ्या, बिल्ल्याच्या मागनं घाला, आणि दोघांनी दोन टोकं धरून ओढा. तुम्ही, मग त्यो, परत तुम्ही. आराम से. उचकायचं नाय."

"दुसरा माणूस कुठून आणू?"

"घरात हाय ना माणूस," तो हसून म्हणाला. "भाभी म्हनजे काय माणूस नाय?"

१३ फेब्रुवारी, रविवार
मीटर ६१२१३. गाडी उभी.

आजचा दिवस सविस्तर लिहितो.

सकाळी नवसाने पाणी तापवलं. पिशवी तिच्या कंबरदुखीची. ती डाव्या दारावर धरून मी दहा मिनिटं उभा राहिलो. समोरच्या घरातून विचारणा झाली, "गाडीची कंबर धरली का हो?" नवसा पदर तोंडाला लावून हसली. मीही हसलो. तेल सोडलं. तंगूस वरच्या कडेने मागे सरकला, एक टोक मी धरलं, दुसरं तिने. ती बोनेटच्या बाजूला, मी मागे. मी ओढलं, तिने ओढलं. चार बोटं उतरला आणि तुटला. दुसरा घेतला, तोही तुटला. सोल्यूशन फारच चिवट. तंगूस माझ्या बोटांत रुतून रक्त आलं.

नवसा आत गेली. ट्रंकेची कडी वाजली. ती रेशमाची एक लडी घेऊन बाहेर आली, जांभळी, चांगली पीळदार. तिचे आबा येवल्यात पैठणीवाल्यांसाठी रेशमाला पीळ द्यायचं काम करत. त्यांनीच पिळलेलं हे रेशीम.

"हे तुटायचं नाय," ती म्हणाली.

"कुठे होतं एवढे दिवस?"

"आबांच्या उशाखाली होतं. मी गेले तवा उशी तेवढी जाग्यावर होती."

तिने चार पदर एकत्र केले, टोकांना काड्या बांधल्या म्हणजे बोटं कापायची नाहीत. हे मला सुचलं नव्हतं. पुन्हा पिशवी, पुन्हा तेल. रेशीम सरसर उतरलं. तिचा हात इतका सारखा चालतो हे मला माहीत नव्हतं. मी घाई केली की "हळू" म्हणायची. शेवटी बिल्ला सुटला आणि मी खाली धरलेल्या गोधडीत अलगद पडला. वाकला नाही. रंगावर ओरखडा नाही. उजव्या दाराचाही असाच काढला. रॉकेलच्या बोळ्याने उरलेलं सोल्यूशन पुसलं.

रेशमाची लडी काळी झाली. मी म्हणालो, "टाकून दे, आता काही उपयोग नाही." तिने ती धुतली आणि वाळत घातली. रेशीम मात्र तंगूसपेक्षा सरस, बद्रुद्दीनला सांगायला पाहिजे.

१५ फेब्रुवारी, मंगळवार
मीटर ६१२२४. ऑफिस, जाऊन येऊन.

दोन्ही बिल्ले वाल्मीक यांच्याकडे जमा केले, पावती घेतली. त्यांनी टेबलावर ठेवून बघितले, एकही वाकलेला नाही. म्हणाले, "असे सुटे बिल्ले मी पहिल्यांदाच बघतोय. लोक पत्र्यासकट कापून आणतात."

घरी येऊन पावती नवसासमोर धरली. "घे. बिल्ले खात्यात जमा. आता बस."

ती बाहेर आली. डाव्या दारासमोर उभी राहून म्हणाली, "कुठं गेलाय? दिसतो की."

आणि खरंच दिसतो. एकोणीस वर्षांच्या उन्हाने सगळी गाडी विटून फिकी झाली, पण बिल्ल्याखाली ऊन पोचलंच नाही. तिथे रंग पहिल्या दिवसाचा, गडद. दारावर गोल, ताटलीएवढा डाग. लांबून बघितलं तर बिल्लाच वाटतो.

मी म्हणालो, "अगं, तो नुसता रंग आहे."

ती म्हणाली, "मला पाऊल टाकवत नाय. तुम्हीच लावलेली शिस्त हाय, मी काय करू?"

मला वाटतं तिला गाडी लागते. एसटीतही लिंबू हुंगत बसते. सरळ सांगावं ना मग.

२० फेब्रुवारी, रविवार
मीटर ६१२३३. भद्रकाली.

बद्रुद्दीनने दारावर बोटं फिरवली, डोळे बारीक केले. पॉलिशने घासून बाकीचा रंग उजळवता येईल का विचारलं तर मान हलवली. "घासायला रंग हाय कुठं? तुम्ही रोज पुसून पुसून कागदाएवढा ठेवलाय. घासला की खालचा लाल अस्तर दिसंल. पूरी गाडी नव्यानं रंगवू का?"

मी नको म्हणालो. नव्या रंगाची गाडी माझी वाटणार नाही.

"मग ऊन खाऊ द्या. डाग पण हळूहळू फिका होईल. दोन उन्हाळे लागतील."

घरी येऊन तेच सांगितलं. नवसा भाकरी थापत होती. "थांबंन की," म्हणाली. "एकोनीस वरीस थांबले, दोन उन्हाळे काय."

तिचा स्वभाव समजूतदार आहे, हे मी नेहमीच म्हणतो.

९ मार्च, बुधवार
मीटर ६१२३३. गाडी उभी.

मला एक युक्ती सुचली. ऊन सगळ्या गाडीवर पडलं तर डागाबरोबर बाकीचा रंगही आणखी फिका होणार, म्हणजे फरक राहणारच. ऊन फक्त डागावर पडलं पाहिजे. मग मी गाडीवर ताडपत्री टाकली. पण डागाजवळ तिची कड वाऱ्याने हलते. नवसाने माझी धडपड दोन दिवस बघितली. तिसऱ्या दिवशी तिने एक जुनी गोधडी घेतली, ताटली ठेवून गोल कापला, कडेने दोरा भरला. दुसऱ्या गोधडीलाही तसंच. आता दोन्ही दारांवर गोधड्या बांधल्या आहेत, मधोमध भोक, भोकात डाग. कॉलनीत हसू झालं. बुधा म्हणतात, "गाडीला अंगडं शिवलं." हसू देत.

सकाळी डावं दार उगवतीला, दुपारी गाडी फिरवून तेच दार मावळतीला. उजव्याचं पुढच्या वर्षी बघू. नवसा डावीकडेच बसणार.

२ एप्रिल, शनिवार
मीटर ६१२३४.

दोनदा फिरवली. गोधडी बाजूला करून बघितलं. फरक नाही. नवसा म्हणते थोडा आहे. चष्मा बदलायला हवा, कुणाचा ते कळत नाही.

१४ एप्रिल, गुरुवार
मीटर ६१२४०. कॉलनी ते मैदान.

जयंतीच्या मिरवणुकीला पोरांनी जीप मागितली. मी आनंदाने दिली, स्वतः चालवली. पुढे बाबासाहेबांचा फोटो, हार, निळे झेंडे. मागे म्हाताऱ्या बायका दाटीवाटीने बसल्या, चिमणाबाई, भिमाबाई, सगळ्या. चिमणाबाई ओरडत होती, "नवसे, ये गं वर, जागा हाय." माझ्या शेजारची सीट मी मुद्दाम कुणाला दिली नव्हती.

ती आली नाही. पांढरं लुगडं नेसून मैदानापर्यंत डाव्या दाराजवळून पायी चालत होती. पहिल्या गिअरमध्ये गाडी, तिच्या चालीने. एक हात दारावर होता, डागावर. मला आरशात फक्त तो हात दिसत होता. बांगड्या पत्र्यावर वाजत होत्या. रंगाला लागेल असं तोंडाशी आलं होतं, बोललो नाही.

आज ती फार चांगली दिसत होती. हे लॉगबुकात लिहायचं नसतं, पण लिहिलं.

८ मे, रविवार
मीटर ६१२४४. गाडी उभी.

दुपारी गाडी फिरवून आलो. घामाघूम. नवसाने माठातलं पाणी दिलं. मी प्यायलो आणि ती माझ्या हातातला तांब्या बघत राहिली. मग म्हणाली, "आबा त्या दिवशी किती घोट प्याले?"

बारा वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं.

मी म्हणालो, "दोन. तिसरा ओघळला."

"कायी बोलले?"

"म्हणाले, नवसा आली का?"

"तुम्ही काय सांगितलं?"

मी सांगितलं होतं, "येतेय, रस्त्यात आहे." तेच तिला सांगितलं. तिने मान हलवली, तांब्या घेतला आणि विसळून पालथा घातला. रडली नाही, काही नाही. संध्याकाळी मेथीची भाजी केली, मला आवडते तशी.

१५ मे, रविवार
मीटर ६१२४४.

आठवडाभर काही लिहिलं नाही. गाडी रोज फिरवतो, पण मन लागत नाही.

एक गोष्ट लिहायची राहिली आहे. बुधाला सांगितली नाही, साहेबांना सांगितली नाही, मी स्वतःलाही कधी नीट सांगितली नाही. एकाहत्तरच्या त्या लॉगबुकात मी लिहिलं होतं: नाशिक ते येवला, उद्देश साहेबांना आणणे, प्रवासी कोणी नाही.

प्रवासी कोणी नाही. जीप रिकामी होती. पुढची सीट रिकामी, मागची रिकामी. निफाडच्या अलीकडे एसटी उभी होती, तिला मी ओलांडून गेलो, ती नवसाचीच असेल असं मला तेव्हाही वाटलं होतं. मी हॉर्न दिला आणि पुढे गेलो.

शिस्त बरोबर होती. आजही कुणी विचारलं तर मी बरोबर होती म्हणेन. पण आबांनी विचारलं ते मला नव्हतं विचारलं. ते दोन घोट तिच्या हातचे होते, ते मी पाजले आणि वर त्याचा अभिमान बाळगला. बारा वर्षं हिच्यासमोर, हिच्याच हातचा चहा पीत, माणसांना सांगत बसलो. मला लाज वाटते.

२६ मे, गुरुवार. बुद्धपौर्णिमा

सकाळी वंदना झाली. नवसाने खीर केली. मी बाहेर जाऊन दोन्ही गोधड्या सोडल्या. अडीच महिन्यांचं ऊन, आणि डाग होता तिथेच होता. थोडा फिका, पण होता. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत माझं काय, तिचं काय, कुणी सांगावं?

पेटीतून काचकागद काढला. जाड, लोखंड घासायचा. डाव्या दारासमोर बसलो आणि डागावर एक हात जोरात ओढला. एवढी वर्षं जपलेला रंग एका ओढीत गेला. खालचं लाल अस्तर दिसलं, बोटभर लांब. दुसऱ्यांदा हात उचलला तेवढ्यात मागून नवसाने मनगट धरलं.

"काय करताय? रंग चालला की."

"जाऊ दे," मी म्हणालो. "पत्रा लागेपर्यंत घासतो. नवसा, त्या दिवशी जीप रिकामी होती."

ती म्हणाली, "ठावं हाय मला. एसटीच्या खिडकीतनं दिसली."

तिला बारा वर्षं माहीत होतं. डोळ्यांत पाणी आलं ते पुसायलाही हात मोकळा नव्हता, तिने धरला होता. मोकळ्या हाताने तिने दारावरच्या लाल पट्ट्यावरून बोट फिरवलं. मग माझ्या हातातला काचकागद काढून घेतला आणि चुरगळून फेकून दिला.

"बास झालं," म्हणाली. "आता दार उघडा. खीर डब्यात घेते, दादाच्या पोरांना."

मी दार उघडलं. साहेब लोकांसाठी हजारदा उघडलं असेल, तिच्यासाठी आजच. तिने पाऊल ठेवलं, पदर सावरला, बसली. मांडीवर डबा, डब्यावर ती जांभळी लडी. निफाडच्या पुढे ती झोपली, डोकं माझ्या खांद्यावर. लिंबू हुंगायची गरज पडली नाही. येवल्याला भाच्यांनी गाडीला गराडा घातला. नवसा आधी ओढ्याकाठी गेली, आबांना माती दिली तिथे. मी लांब उभा राहिलो. हे तिचं होतं.

संध्याकाळी तिच्या दादाच्या ओट्यावर ही वही उघडली. तिने विचारलं, "काय लिवताय?" मी रकाने वाचून दाखवले. कोठून, नाशिक. कोठे, येवला. उद्देशात मी "खासगी" लिहिलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा.

"ते खोडा," ती म्हणाली. "लिवा, आबांना भेटायला."

खोडून तसं लिहिलं. मग वही तिच्यापुढे केली. शेवटच्या रकान्यात प्रवास करणाऱ्याची सही लागते. प्रौढवर्गात शिकलेली अक्षरं तिने एकेक करून, जीभ दातांत धरून काढली: नवसाबाई सहादू पगारे. रकान्यात मावली नाही, बाहेर गेली.

आता लिहिताना लक्षात आलं, आज मीटर बघायचा राहून गेला.